पुराव्यादाखल

प्रबंध मी शेवटाकडून वाचायला घेते. ग्रंथपालाची खोड म्हणा हवं तर. पहिल्या प्रकरणात विषयाचं महत्त्व, दुसऱ्यात आधीच्या संशोधनाचा आढावा, हे सगळीकडे सारखंच. परिशिष्टात मात्र संशोधक खरा कसा आहे ते कळतं. प्रश्नावली कुठल्या भाषेत छापली, किती प्रश्न नुसते भरतीचे, फोटोत हा माणूस चटईवर बसलाय की त्याच्यासाठी शेजारून खुर्ची मागवलीय. वाङ्मयचौर्य तपासायला फाइल आली की मी आधी शेवटच्या पानांवर जाते.

विडी कामगार बायकांच्या कर्जबाजारीपणावरचा एक प्रबंध असाच आला होता. मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, आई-मावशीला मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना बघत वाढलेली. काम चोख होतं. हजार विड्यांमागे हातात काय पडतं, कारखान्यातून मिळालेला पाला कमी भरला तर पदरच्या पैशानं कसा आणावा लागतो, पीएफच्या नोंदीत नाव चुकलं की किती हेलपाटे पडतात, सगळं नीट मांडलेलं. आणि परिशिष्टात तक्ता. नाव, वय, जात, पत्ता, मोबाईल, मुलं किती, नवरा पितो का, बचत गटाचं कर्ज, सावकाराचं कर्ज, आजार, शेरा. एका ओळीत आजाराच्या रकान्यात ‘क्षयरोग’ आणि शेऱ्यात ‘सासरी सांगितलेले नाही’.

सासरी न सांगितलेली गोष्ट जगाला सांगायची पूर्ण तयारी झाली होती. आपल्याकडे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात जातात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं आणि तिथले लाखो प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात. सोय फार मोलाची आहे. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, त्याआधी आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि एखादा जुना प्रबंध डोळ्यांनी बघायचा तर एसटीनं कोल्हापूर गाठावं लागे. त्या काळात हा तक्ता काळ्या बाइंडिंगमध्ये कपाटात पडून राहिला असता आणि फार तर वाळवीनं वाचला असता. आता त्या बाईचं नाव कुणी गूगलमध्ये टाकलं तर तिचा आजार, तिचं कर्ज आणि तिचा नंबर एकाच ओळीत हातात येईल. लग्न जमवणाऱ्याला, कर्ज देणाऱ्या ॲपवाल्याला, भाऊबंदकीत कोर्टाची पायरी चढलेल्या दिराला.

मुलीला बोलावून विचारलं, “अगं, ही यादी कशाला जोडलीस?”

“गाइड सरांनी सांगितलं, मॅडम. नावं-नंबर नसले तर व्हायव्हाला विचारतात, सर्व्हे केला कशावरून?”

या उत्तरावर मला काही बोलता येईना, कारण ते खरं आहे. घरात पंख्याखाली बसून, तीन रंगांच्या पेनांनी भरलेल्या प्रश्नावल्या मी पाहिल्या आहेत. परीक्षकांनीही पाहिल्या आहेत. त्यामुळे संशोधकावर कुणाचा विश्वास नाही, आणि तो अविश्वास फेडायला त्या बायकांची नावं पुढे केली जातात. खोटं बोलण्याचा संशय एकावर, आणि उघडं पडायचं दुसऱ्यानं.

सायबर सुरक्षेवर कॉलेजात व्याख्यानं होतात तेव्हा पडद्यावर हुडी घातलेला, चेहरा न दिसणारा हॅकर असतो. मला इतक्या वर्षांत तो एकदाही भेटलेला नाही. मला भेटतो तो पुरावा मागणारा माणूस. उच्च शिक्षणाचा आपला सगळा गाडा पुराव्यावर चालतो, आणि तो पुरावा जवळजवळ नेहमी कुणाची तरी खासगी माहिती असते. कॉलेजांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅक या संस्थेचं मूल्यांकन जवळ आलं की हे फार स्पष्ट दिसतं. शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली? यादी जोडा. नुसता आकडा चालत नाही. मग नाव, प्रवर्ग, रक्कम अशा याद्या स्कॅन होऊन कॉलेजच्या वेबसाइटवर चढतात, कारण अहवालात लिंक द्यायची असते. समिती येऊन जाते, श्रेणी मिळते, प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागतो, आणि याद्या तिथेच राहतात. काढायची कुणाची जबाबदारी हे कुठेच लिहिलेलं नसतं. कार्यक्रमाचा फोटोही जिओ-टॅग असलेला लागतो, खाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ छापलेला. वृक्षारोपणाचा घ्या की खुशाल. पण एका ठिकाणी मी विद्यार्थिनींच्या समुपदेशनाचा असा फोटो पाहिला. मुलगी मान खाली घालून बसलेली, समोर समुपदेशक, आणि खाली त्या खोलीचा ठावठिकाणा. समुपदेशन झालं याचा पुरावा! ती मुलगी पुन्हा त्या खोलीत गेली असेल असं मला वाटत नाही.

प्रबंधाकडे येते. नावं काढून टाकू, क्रमांक देऊ, असं ठरलं. मुलीनं एका संध्याकाळीत नावं आणि नंबर पुसून फाइल परत आणली. मी म्हटलं, बस, आता ओळखू या कोण ते. तिला गंमत वाटली. विडी घरकुलात राहणारी, अमुक जातीची, एक्केचाळीस वर्षांची, विधवा, चार मुली, आधी यंत्रमागावर कांड्या भरायची. तिसऱ्या खुणेलाच ती म्हणाली, “मॅडम, ही आमच्या गल्लीतली...” आणि गप्प झाली. सोलापूर म्हणायला मोठं शहर. पण कुठल्या पेठेतले, कुणाचे कोण, कुठल्या कारखान्याला, एवढं विचारलं की माणूस सापडतोच.

हे काही फक्त आमच्या गावाचं वैशिष्ट्य नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. नावं काढली आहेत, काळजी नको, असा दिलासा खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिला होता. तेव्हा एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नरांच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडात एकटे तेच. गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी सापडल्या. पुढे २००० साली स्वीनी यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येतील. तिथे जातीचा रकानाही नव्हता.

म्हणून मग वयाऐवजी वयोगट, वस्तीऐवजी ‘शहराचा पूर्व भाग’, आजाराचा तक्ता वेगळा आणि फक्त बेरजा, शेऱ्याचा रकाना गायब. क्रमांक आणि नावं जोडणारी किल्ली एका वेगळ्या फाइलीत, पासवर्ड लावून, गाइडकडे. भरलेल्या मूळ प्रश्नावल्या मौखिक परीक्षेला टेबलावर ठेवायच्या, परीक्षकांनी हव्या तर चाळायच्या, आणि परत कपाटात. वैद्यकीय संशोधनात हे नवं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, नीतिसमितीची मंजुरी घेतल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. सामाजिक शास्त्रांत बहुतेक कॉलेजांत अशी समितीच नसते. रक्ताचा नमुना घ्यायला परवानगी लागते आणि कर्ज, मारहाण, गर्भपात विचारायला ओळखपत्र गळ्यात असलं की पुरतं.

मी मुलीला सांगितलं, परत जा आणि बायकांना नीट विचार. तिच्याबरोबर मीही गेले. सगळ्या बायका आपण आखलेल्या चौकटीत बसतील असं मी गृहीत धरलं होतं, पण एका आजींनी ती मोडली. सुपातलं पान कात्रीनं कापता कापता, वर न बघता त्या म्हणाल्या, “नाव टाक की माझं. मी काय चोरी केली का? आमच्या विड्यांवर मालकाचं नाव. आमचं नाव कुठं लिहिलंय का कधी?” शेजारची मात्र पदर तोंडाला लावून नको नको करत होती. आजींना काय उत्तर द्यायचं? गोपनीयतेच्या नावाखाली त्यांना पुन्हा ‘प्रतिसादक क्रमांक अमुक’ करून टाकणं हासुद्धा अन्यायच. त्यांच्या मुलाखतीचा कामासंबंधीचा भाग नावानिशी, त्यांना वाचून दाखवून घ्यायचा, आणि कर्जाचा तक्ता सगळ्यांसारखाच बिननावाचा, यावर त्या तयार झाल्या. कर्जाचं नाव निघाल्यावर आवाज त्यांचाही उतरला होता.

आता जरा कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात चला. अशी दुकानं प्रत्येक कॉलेजसमोर असतात, त्यामुळे कुणा एकाला बोल लावायचा नाही. शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की तिथे पाय ठेवायला जागा नसते. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून एसटीनं आलेली पोरं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक. महाडीबीटीचं संकेतस्थळ दुपारी दमतं. दादा एका हातानं माऊस, दुसऱ्या हातानं चहा. “ओटीपी सांग गं!” आणि ती मुलगी भरल्या दुकानात सहा आकडे मोठ्यानं सांगते. ज्यांच्या घरी एकच फोन आणि तो वडिलांबरोबर शेतात, त्यांच्यासाठी दादा स्वतःचा नंबर टाकतो. काउंटरखाली शंभर पानी वही आहे, तिच्यात नाव, युजर आयडी, पासवर्ड. पासवर्ड बहुधा नाव, मग ॲटचं चिन्ह, मग एक-दोन-तीन. डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’च्या ओळीच्या ओळी, आणि प्रत्येकात मागच्या वर्षीची, त्याच्या मागच्या वर्षीची कागदपत्रं.

सुरक्षातज्ज्ञानं हे पाहिलं तर त्याला घेरी येईल. पण दादा वाईट माणूस नाही. मुलं पासवर्ड विसरतात, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तोच लागतो, आणि तो न सापडल्यानं शिष्यवृत्ती बुडालेली मुलं त्यानं पाहिली आहेत. कॉलेजनं करायचं काम तो दहा-वीस रुपयांत करतो. आमची संगणक प्रयोगशाळा पाच वाजता बंद होते आणि ऐन मुदतीत तिथला इंटरनेट बंद असतो, हे त्या वहीचं मूळ कारण. मुलांना ‘पासवर्ड कुणाला सांगू नका’ असं सांगणारी पोस्टरं आम्ही त्याच्याकडेच छापून घेतली.

चोर असतात, हेही खरंच. माझ्या धंद्याला सगळ्यात जवळची चोरी इराणमधल्या एका टोळीची. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं नऊ जणांवर आरोप ठेवले. १४४ अमेरिकी आणि इतर २१ देशांतली १७६ विद्यापीठं, ३१ टेराबाइटहून अधिक मजकूर. पद्धत अगदी साधी. प्राध्यापकाला मेल, त्यात दुवा, आणि उघडतं ते हुबेहूब त्याच्या ग्रंथालयाचं लॉगिनचं पान. प्राध्यापक बिचारा पासवर्ड टाकतो. तो वापरून महागडी नियतकालिकं उपसून विकायची. आपल्याकडे एवढ्या कष्टांची गरज नव्हती. कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं देणाऱ्या एन-लिस्ट योजनेचा कॉलेजला मिळालेला पासवर्ड अख्ख्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, आणि सोडून गेलेले विद्यार्थीही त्याच ग्रुपवर असतात. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली, तेवढा चोरीचा मोह कमी. विनाअनुदानित कॉलेजातली पोरं मात्र अजून मित्राचा पासवर्ड मागतात, आणि मला त्यांना रागवायला जीभ उचलत नाही.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठात एका कर्मचाऱ्यानं ऑक्टोबर २०१९ मध्ये असाच एक मेल उघडला. घुसलेले लोक दोन महिने आत गुपचूप फिरले आणि ऐन नाताळच्या सुट्टीत महत्त्वाच्या फाइलींना कुलूप घातलं. विद्यापीठानं तीस बिटकॉइन मोजले, तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो. गंमत पुढे आहे. त्यातला थोडा हिस्सा पोलिसांनी युक्रेनमधल्या एका खात्यात गोठवला, तेव्हा त्याची किंमत चाळीस हजार युरोच्या घरात होती. परत मिळेपर्यंत बिटकॉइन चढला आणि हाती जवळपास पाच लाख आले. विद्यापीठानं ते गरजू विद्यार्थ्यांच्या निधीत टाकायचं जाहीर केलं. असा चोर सगळ्यांच्या नशिबी नसतो. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद पडले तेव्हा दोन आठवडे केसपेपर हातानं लिहिले गेले. आणि क्योटो विद्यापीठाचं ऐकाल तर चोराचीही गरज पडत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये साठवणीच्या प्रणालीत केलेल्या एका चुकीच्या बदलानं ७७ टेराबाइट संशोधन पुसलं गेलं. आमच्याकडे तेवढा साठाच नाही म्हणून हसणाऱ्या एका प्राध्यापकांच्या सहा वर्षांच्या नोंदी एकाच पेनड्राइव्हमध्ये आहेत, आणि तो पेनड्राइव्ह स्कूटरच्या किल्लीला लटकतो.

कायदा आलेला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलं. २०१८च्या आधार निकालात यूजीसी, नीट, सीबीएसई यांना आधारची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं. पदवीच्या कागदावर आधार क्रमांक छापू नका, असं पत्र यूजीसीनंच २०२३ मध्ये काढलं. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने दिले आहेत. दंड २५० कोटींपर्यंत. हा आकडा ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये एवढंच म्हणाले, “तेवढ्यात अजून एक कॉलेज निघेल.” संशोधनाला या कायद्यात सवलत आहे खरी, पण लोक अर्धंच वाक्य वाचतात. त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही, आणि गरजेपुरतीच घ्यायची, सांभाळायची, गरज संपली की ठेवायची नाही, या अटी सोबत आहेत. शिवाय अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण या कायद्यात बालक आहे, त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी. अकरावी-बारावीची सगळी मुलं यात आली. पहिल्या वर्षाला येणारीही बरीचशी सतराचीच असतात.

पुढच्या प्रवेशअर्जाचा नमुना ठरवायला म्हणून यंदा बैठक झाली. मी एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारत गेले, हा कशाला? रक्तगट निघाला. आईचं शिक्षण निघालं. ‘ओळखखूण, असल्यास’ हा कुठल्या काळापासून चालत आलेला रकाना निघाला. उत्पन्न आणि प्रवर्ग शिष्यवृत्तीसाठी लागतात, ते राहिले, पण ते बघणार फक्त ऑफिस. आधारवर गाडी अडली. ज्याला सरकारी लाभ हवा तो त्या पोर्टलवर स्वतः देईल, प्रवेशाला आपण झेरॉक्स का गोळा करायची, असं मी म्हणत होते. फार तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत घ्या.

ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मॅडम, नाही घेतलं आणि उद्या कुणी मागितलं तर?”

“कोण मागेल?”

“ते मागतील तेव्हा कळेल की ओ.”

प्राचार्य हसले आणि तो विषय पुढच्या बैठकीवर गेला. उठता उठता भाऊसाहेबांनी आणखी एक सांगितलं. मागच्या वर्षांच्या आधार झेरॉक्सचे गठ्ठे स्टोअररूममध्ये आहेत, जागा अडतेय, रद्दीवाला न्यायला तयार आहे. मी म्हटलं, रद्दीवाल्याला नाही द्यायचे, फाडायचं यंत्र आणू. त्यावर ऑफिसनं नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवलीत. एक आलंय.